पिकअपचा ‘शॉकअप’ बदलण्यापूर्वी...

राहुरी : कांद्याच्या लिलावाच्या दिवशी वांबोरीच्या उपबाजाराकडे जाणारी पिकअप पाहावी आणि माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येताना पाहावी. दोन्ही वेळची गाडी एकच आहे, यावर विश्वास बसू नये इतका तिच्या चालीत फरक असतो. जाताना गोण्यांच्या भाराने मागून बसलेली गाडी खड्ड्यात संथपणे डुलत जाते. येताना मात्र तीच गाडी प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग उडवते, हौद्याच्या फाळक्याचा खडखडाट सुरू होतो आणि चालकाच्या कमरेला धक्क्यांमागून धक्के बसत राहतात. नगर-मनमाड रस्त्याची अवस्था वर्षानुवर्षे चर्चेत आहेच. विळद घाटापासून कोल्हारपर्यंत रोज ये-जा करणाऱ्या चालकाला तिचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. परिणामी हंगाम संपला की अनेक पिकअपमालक गॅरेज गाठतात आणि एकच मागणी करतात : ‘शॉकअप बदला, चांगले भारी टाका.’

ही मागणी अनेकदा चुकीच्या दुखण्यावर केलेली असते. शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, नेमके काय काम करतो याविषयी मोठा गैरसमज आहे. त्यातून पैसे खर्च होतात, गाडीची चाल मात्र होती तशीच राहते. काही वेळा तर ती पूर्वीपेक्षा वाईट होते.

भार पेलतात ते पाटे

गाडीचे आणि मालाचे वजन शॉकअप पेलत नाही. ते काम पाट्यांचे आहे. चाक खड्ड्यातून वर आले की पाटे दबतात, धक्का साठवून घेतात आणि मग तो परत फेकतात. एकदा दबलेली स्प्रिंग एका उसळीत शांत होत नाही. ती खाली-वर होत राहते. हे हेलकावे थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दांडीच्या टोकाला बारीक छिद्रे व पातळ झडपा असलेला दट्ट्या असतो. दांडी आत-बाहेर झाली की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. या विरोधात हेलकाव्याची शक्ती खर्च होते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा चालू शॉकअप हाताला गरम लागतो, तो यामुळेच.

एक साधा हिशेब पाहू. गॅस भरलेल्या मोनोट्यूब प्रकारच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब साधारण २५ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो असतो. दांडी १४ मिलिमीटर जाडीची धरली तर तिचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे हा शॉकअप गाडीला वर ढकलतो तो जेमतेम ४० किलोच्या जोराने. दोन्ही बाजूंचे मिळून ८० किलो. हौद्यात दीड टन कांदा असताना ८० किलोचा टेकू काय कामाचा? तेव्हा ज्याची गाडी माल भरल्यावर मागून जमिनीला टेकल्यासारखी बसते, त्याने शॉकअपच्या दुकानात जाण्याआधी पाट्यांच्या कारागिराकडे जावे. पाट्यांची कमान उतरली आहे का, एखादे पान तडकले आहे का, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट जागेवर आहेत का, हे तिथे कळते.

रिकामी गाडी का आपटते?

या प्रश्नाचे उत्तर खरे तर गाडीच्या जन्मातच आहे. पिकअपचे मागचे पाटे माल भरलेल्या अवस्थेचा विचार करून बनवलेले असतात. सोप्या हिशेबासाठी समजू की, रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ५०० किलो वजन येते आणि माल भरल्यावर २००० किलो. स्प्रिंगचा ताठपणा तोच राहिला आणि वजन चौपट झाले, तर गाडी खाली-वर होण्याचा वेग निम्म्यावर येतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. भरलेली गाडी सेकंदाला एक-सव्वा हेलकावा घेत असेल, तर तीच रिकामी गाडी सेकंदाला दोन ते अडीच हेलकावे घेते. पहिली चाल पाळण्यासारखी वाटते, दुसरी हादऱ्यासारखी. मोठ्या भाराला हेल्पर पाटा कामाला लागत असल्याने प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

त्याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. रिकाम्या गाडीत मागचा जड एक्सल आणि त्यावरचे हलके शरीर यांचा तोल बिघडलेला असतो. रस्त्यावर बारीक लाटा असल्या, जशा खडी उखडलेल्या पट्ट्यात असतात, की एक्सल स्वतंत्रपणे नाचू लागतो आणि चाकाची रस्त्यावरील पकड क्षणोक्षणी सुटते. पावसाळ्यात रिकामी पिकअप वळणावर मागून सरकते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. येथे प्रश्न आरामाचा राहत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबेल याचा होतो.

मानवी शरीरावर होणाऱ्या परिणामांचाही अभ्यास झालेला आहे. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेच्या कंपनांचा सर्वाधिक त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ या वारंवारितेच्या पट्ट्यात, असे त्यात गृहीत धरले जाते. दिवसाचे आठ-दहा तास या हादऱ्यांत घालवणाऱ्या चालकाची कंबरदुखी हा निव्वळ वयाचा दोष म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही.

एक शॉकअप, दोन गाड्या

आता मूळ पेच पाहू. वर दिलेल्या उदाहरणात वजन चौपट झाल्यावर गाडी तितक्याच हेलकाव्यांत शांत करायची असेल, तर शॉकअपचा विरोध दुप्पट हवा. म्हणजे रिकाम्या गाडीला योग्य असणारा शॉकअप भरलेल्या गाडीला मऊ पडतो आणि भरलेल्या गाडीला योग्य असणारा रिकाम्या गाडीला ताठ होतो. कंपनीने बसवलेला शॉकअप ही या दोन टोकांमधली तडजोड असते. बाजारातला ‘हेवी ड्यूटी’ शॉकअप ही तडजोड भाराच्या बाजूला सरकवतो. म्हणूनच आराम मिळेल या आशेने असा शॉकअप टाकणाऱ्याची रिकामी गाडी पूर्वीपेक्षा अधिक आपटू लागते. दुकानदाराने फसवले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात वस्तू खरी असते, मागणी चुकलेली असते.

यातून निवडीचा पहिला प्रश्न निघतो : गाडी वर्षातले किती दिवस भरलेली असते आणि किती भाराने? राहुरी तालुक्यात याची उत्तरे गावागणिक बदलतील. दूध संकलनाची गाडी दररोज जवळपास सारख्याच भाराने, ठरलेल्या रस्त्याने फिरते. कांदा व भाजीपाल्याची गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. म्हैसगावच्या डोंगराळ बाजूला फिरणाऱ्या गाडीचा रस्ता वेगळा आणि देवळाली प्रवरा-राहुरी फॅक्टरी परिसरात किराणा पोहोचवणाऱ्या गाडीचा वेगळा. कृषी विद्यापीठाच्या परिसरातून रोपे घेऊन जाणाऱ्या गाडीला तर वजनाची चिंताच नसते. तिथे नाजूक मालाला हादरा बसू नये एवढेच पाहायचे असते.

जिची गाडी बहुतांश काळ भरलेली, तिला किंचित ताठ शॉकअप मानवतो. जी निम्मा प्रवास रिकामा करते, तिच्यासाठी कंपनीच्या मूळ मापाचा आणि मूळ ताठपणाचा नवा शॉकअप हाच बहुधा उत्तम पर्याय ठरतो. हे ऐकायला फारसे आकर्षक नाही, हे मान्य. परंतु दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे जुने, तेल गळालेले शॉकअप काढून साधे नवे टाकल्यावर जो फरक जाणवतो, तोच अनेकांना महागड्या वस्तूचा गुण वाटतो.

ऑस्ट्रेलियासारख्या देशात पिकअपचा वापर मोठा आहे. तिथल्या ओल्ड मॅन इमू यांसारख्या नाममुद्रा कायमच्या भारानुसार वेगवेगळ्या स्प्रिंग देतात आणि त्यांना जुळणारा शॉकअप सुचवतात. आधी भार, मग स्प्रिंग, शेवटी शॉकअप असा तो क्रम आहे. आपल्याकडे तो नेमका उलटा चालतो.

ट्विन ट्यूब की मोनोट्यूब?

बाजारात प्रामुख्याने दोन रचना मिळतात. ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या फिरतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल साठते. त्यात वरच्या बाजूला हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. तिच्यात तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. ही रचना फ्रेंच अभियंता ख्रिश्चन बुर्सिए दे कार्बों यांच्या नावाशी जोडली जाते आणि १९५० च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने ती मोटारींसाठी पुढे आणली.

मोनोट्यूबचा फायदा उष्णतेत दिसतो. सलग खराब रस्त्यावर शॉकअप तापला की तेल पातळ होते. साध्या ट्विन ट्यूबमध्ये हवा मिसळून तेलाला फेसही येतो आणि विरोध अचानक कमी होतो. दाबाखाली असलेल्या तेलाला फेस सहज येत नाही, शिवाय एकाच नळीतून उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र मोनोट्यूबची दुखरी जागाही तीच नळी आहे. टायरने उडवलेला दगड लागून तिला पोचा पडला, तर आत दट्ट्या अडकतो आणि शॉकअप निकामी होतो. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला थोडा पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. शेतरस्ता, खडी आणि मुरूम यांतून दिवस काढणाऱ्या गाडीसाठी हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या मते मालवाहू पिकअपला कमी दाबाच्या गॅसचा, चांगल्या बनावटीचा ट्विन ट्यूब शॉकअप पुरेसा आहे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या हौशी वापराच्या गाड्यांचे गणित वेगळे. लांब पल्ल्याचा वेगवान प्रवास आणि हलका भार असल्याने तिथे मोनोट्यूबचा खर्च सार्थकी लागू शकतो.

सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने आपला भाग सुदैवी आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडिया या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने चाकण आणि नाशिक येथे आहेत, म्हणजे राहुरीच्या दोन्ही हातांना. प्रचलित पिकअपचे शॉकअप नगरच्या बाजारात मिळणे अवघड नाही. अडचण आहे ती नकली मालाची आणि ‘भरून दिलेल्या’ जुन्या मालाची. जुन्या शॉकअपला छिद्र पाडून किंवा तोंड खोलून नवे तेल भरले, वरून काळा रंग मारला की तो नव्यासारखा दिसतो. आतली झिजलेली झडप आणि सील मात्र जुनेच राहते. दांडीवरचा क्रोमचा थर नीट निरखला, त्यावर उभे ओरखडे किंवा गंजाचे ठिपके दिसले, तर तो शॉकअप नवा नाही, हे समजावे. पक्के बिल आणि भाग क्रमांक असलेले वेष्टन याखेरीज खरेदी करू नये.

माप चुकले तर

ताठपणापेक्षाही जास्त नुकसान लांबीच्या चुकीने होते. शॉकअपची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली अशी दोन मापे असतात. गाडी पूर्ण दबल्यावर एक्सल आधी रबरी बंप स्टॉपवर टेकला पाहिजे; शॉकअपची दांडी त्यानंतरही थोडी शिल्लक राहिली पाहिजे. जादा लांबीचा शॉकअप टाकला तर बंप स्टॉपच्या आधी तोच तळाला आपटतो आणि संपूर्ण भाराचा घाव त्याच्या कडीवर व चासीवरील ब्रॅकेटवर बसतो. ब्रॅकेट उखडण्याचे प्रकार घडतात ते असे. उलटपक्षी जादा पाने टाकून गाडी उंच केली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा ठेवला, तर रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यात उतरताना तो पूर्ण ताणला जाऊन हिसका बसतो. पाट्यांत बदल केलेल्या मालकाने केवळ गाडीचे नाव सांगून शॉकअप घेऊ नये. गाडी सपाट जागी उभी करून वरच्या व खालच्या बोल्टमधले अंतर रिकामे असताना आणि भरलेले असताना, असे दोन्ही वेळा मोजावे.

हवेच्या दाबाने उंची वाढवणारे शॉकअप पाहून काहींना मोह होतो. त्यांत भाराचा काही हिस्सा शॉकअपच्या ब्रॅकेटवर येतो, आणि ते ब्रॅकेट भार पेलण्यासाठी बनवलेलेच नसते. मालवाहू गाडीने त्या वाटेला जाऊ नये.

आधी पाहायच्या गोष्टी

गाडी कठोर चालते या तक्रारीचा पहिला संशयित टायरमधली हवा असते. बहुतेक पिकअपमध्ये मागच्या टायरचा दाब रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा सांगितलेला असतो. भाराची हवा भरून महिनोन् महिने रिकामी गाडी पळवली तर टायर दगडासारखा होतो. मग शॉकअप कोणताही असो. मात्र आरामासाठी कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जाणेही धोक्याचे. आणि कमी हवेच्या टायरवर माल लादणे म्हणजे टायर फुटण्याला निमंत्रणच.

दुसरा संशयित पाट्यांची पाने. गंज आणि चिखल बसून पाने एकमेकांना चिकटली की लहान धक्क्यांना पाटा दबतच नाही आणि धक्का सरळ चासीत जातो. पाटे उतरवून, पाने साफ करून, ग्राफाइट ग्रीस लावून पुन्हा बसवले तर रिकाम्या गाडीच्या चालीत फरक पडतो. जळके ऑइल मारण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने तात्पुरता मऊपणा येतो, पण तेच ऑइल रबरी बुश खराब करते आणि धूळ पकडते. शॅकलचे व शॉकअपच्या कडीचे बुश झिजले असतील तर ‘खट्ट’ असा आवाज येतो. मालक त्याला शॉकअपचा आवाज समजतो. शंभर-दोनशे रुपयांच्या बुशसाठी चारही शॉकअप बदलले गेल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतील.

शॉकअप खरोखर गेला आहे हे ओळखायचे कसे? नळीवर तेलाचा हलका ओलसरपणा असणे चिंतेचे नाही. तेल ओघळून त्यावर धुळीचा जाड थर बसला असेल तर तो गेला. टायरच्या गोलाईवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर चाक उड्या मारत असल्याची ती खूण आहे. राहुरी ते कोल्हार असा खराब पट्टा कापून गाडी थांबवावी आणि एक्झॉस्टपासून जपून चारही शॉकअपना हात लावून पाहावा. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही.

पैसे मर्यादित असतील तर पुढची जोडी आधी बदलावी, असे आमचे मत आहे. इंजिन आणि केबिनमुळे पुढच्या चाकांवरील वजन मालानुसार फारसे बदलत नाही. त्यामुळे वर सांगितलेला पेच तिथे सौम्य असतो आणि चांगल्या शॉकअपचा फायदा रिकाम्या-भरलेल्या दोन्ही प्रवासांत मिळतो. चालक बसतो तेही पुढच्या चाकांजवळच. एकच शॉकअप बदलण्याची काटकसर मात्र करू नये. डावा-उजवा विरोध वेगळा झाला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते.

जादा भाराचे काय?

कांद्याची गोणी ५० किलोची धरली तर दीड टनाची क्षमता ३० गोण्यांत संपते. हंगामात हौद्यात किती गोण्या चढतात, हे बाजार समितीच्या दारात उभे राहिल्यास दिसते. जादा पाने आणि ताठ शॉकअप टाकले की गाडी ‘बसत’ नाही, म्हणून ती पेलते असा समज होतो. पाटे वाढले तरी ब्रेक, एक्सल, बेअरिंग आणि टायर तेच राहतात. नोंदणी पुस्तकातली क्षमताही तीच राहते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मूळ मापाचा शॉकअप बदलणे ही दुरुस्ती आहे, त्याला कोणाची हरकत नाही. गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पडेल असा बदल मात्र कलम ५२ च्या कक्षेत येतो.

बसवताना

ट्विन ट्यूब शॉकअप गोदामात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा. दांडी पक्कडीने धरू नये. क्रोमवर पडलेला एक ओरखडा काही महिन्यांत सील फाडतो. कडीचे बोल्ट जॅकवर गाडी लटकलेली असताना शेवटचे आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून आवळावेत, अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. पहिल्या काही दिवसांच्या फेऱ्यांनंतर, शक्यतो भरलेल्या फेरीनंतर, सर्व बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. घाईच्या गॅरेजमध्ये हे सांगितले जात नाही. मालकाने स्वतः आठवणीने करून घ्यावे.